भंडाऱ्याखालचं चौथं गाणं

बोलतेय ती मी, मुडबीच्या पिराप्पाच्या देवघरातली सीडी. आवाज कापत असेल तर सांभाळून घ्या. आज माझी पाळी होती आणि मला सकाळपासून धडकी भरली होती.

माझा जन्म दोन हजार तीन सालचा, बसवकल्याणचा. तिथल्या, लग्नांचं शूटिंग करणाऱ्या एका माणसाने पिराप्पाच्या अंगणात येऊन त्याची धनगरी गाणी रेकॉर्ड केली आणि माझ्यावर उतरवली. चारच गाणी. पिराप्पा ढोल वाजवत गायचा आणि त्याचा सोबती झील धरायचा, म्हणजे कडवं संपलं की मागची ओळ उचलून म्हणायचा. चौथ्या गाण्याच्या वेळी सोबत्याची मेंढरं कुणाच्या तरी तुरीत शिरली आणि तो पळाला. तेव्हा दाराआडून त्याच्या बायकोने, बाणूबाईने झील धरली. चारचौघांत नवऱ्याच्या आवाजात आवाज मिसळायची तिची ती पहिली वेळ, आणि शेवटचीही.

दोन वर्षांनी पिराप्पा गेला. काही दिवस घरात मला रोज लावायचे. मग सीडी वाजवायचं यंत्र बिघडलं ते बिघडलंच. बाणूबाईने मला देवघरात ठेवलं, ज्या बाजूत तोंड दिसतं ती बाजू वर करून. या घरात देवाजवळच्या प्रत्येक वस्तूला भंडारा लागतो, देवाची हळदपूड. दर रविवारी ती माझ्यावरचा जुना भंडारा पदराने गोल गोल घासून पुसायची आणि बोटाने नवा लावायची. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं. माझ्या बहिणी, घरातल्या बाकीच्या सीड्या, पेटीत धूळ खात होत्या आणि माझ्यापुढे उदबत्ती. पण सीडीची गाणी त्या चकचकीत बाजूलाच असतात. दर रविवारी काहीतरी खरवडून जातंय हे मला कळत होतं. सांगणार कुणाला आणि कशी?

या दिवाळीला पुण्यात नोकरी करणारा नातू रविकुमार लॅपटॉप घेऊन आला. घरातली सगळी गाणी आत भरून टाकतो, मग या सीड्यांचा पसारा नको, असं त्याने जाहीर केलं. त्याच्या आईने, तुळजाने, रिकाम्या सीड्या लगेच मागून घेतल्या. ज्वारीवर पाखरं बसतात, तिथे टांगायच्या होत्या. सकाळपासून एकेक बहीण आत जायची, घरघर व्हायची आणि बाहेर येऊन पोत्यात पडायची. चाळीस झाल्या. त्यांची गाणी कुठल्याही बाजारात मिळतील. माझ्यातली कुठेच मिळणार नाहीत, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला होता.

दुपारी बाणूबाईने मला दोन्ही हातांनी आणून दिलं. रविकुमारचा चेहरा उतरला.

"आज्जी, हे काय लावलीस? गाणी ह्याच बाजूला असतेत."

"भंडारा हाय रे, देवाचा. दुसरं काय लावू?"

 त्याने मला पाण्याने धुतलं, मऊ फडक्याने टिपलं आणि आत सरकवलं.

पहिलं आलं. दुसरं आलं. तिसऱ्याला तर तुळजा पिठाचे हात तसेच घेऊन दारात येऊन उभी राहिली. चौथ्याला मात्र यंत्र अडखळलं, थांबलं, पुन्हा जोरात फिरलं. मी जिवाच्या आकांताने फिरत होते. ढोलाचा एक ठोका निघाला आणि नुसती खरखर. त्याने तीनदा करून पाहिलं आणि मग मान वर न करताच सांगितलं, की सगळं आलं.

"मग चौथं कामून लावंना झालास?"

बसची वेळ झाली, पुढच्या खेपेला ऐकवतो, असं काहीतरी तो पुटपुटला. मला त्याच्या खोट्याचा राग आला, आणि बाणूबाईला कळलं नाही म्हणून सुटका झाल्यासारखंही वाटलं. बाणूबाई आपल्या पिवळ्या बोटाकडे बघत बसली.

"माझ्याच हातानं गेलं का रे ते?"

त्याने हळूच होय म्हणून मान हलवली. ती रडली नाही. लॅपटॉपकडे बोट करून तिने विचारलं, "ह्यात माझं म्हणलेलं बसतंय का?"

"बसतंय की."

त्याने काहीतरी दाबलं. तुळजाने बस निघेल म्हणून आठवण करून दिली, तो उठला नाही.

बाणूबाईने चौथ्या गाण्याची झील म्हटली, तेवढीच एक ओळ. मग ती थांबली. मांडीवर हाताने ठेका चालू होता, ओठ मिटलेले. पिराप्पाच्या कडव्याला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ जाऊ दिला आणि पुन्हा झील म्हटली. कडवीही तूच म्हण, असं रविकुमारने खुणेने सांगितलं. तिने नाही म्हणून मान हलवली. नवऱ्याची ओळ ती घेणार नव्हती. सात कडवी ती अशी थांबत थांबत गायली.

ते आता लॅपटॉपमध्ये आहे आणि मी तिच्या मांडीवर. रविकुमार, पुण्यात एखादं चांगलं यंत्र दिसलं तर मला घेऊन जा, उशीर करू नकोस. ती जिथे जिथे गप्प बसते तिथले शब्द माझ्यात आहेत. असतील. अजून असावेत.