चिरलेल्या तोंडाची रायफल

मी एक जुनी रायफल आहे, मित्रांनो. पाराग्वेतल्या एका घरात दाराशेजारच्या खुंटीवर टांगलेली, चकाचक आणि निरुपयोगी. येणारा-जाणारा माझी वाहवा करतो. मला त्या वाहवेचा वीट आला आहे.

माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यात झाला. बोलिव्हियाशी युद्ध पेटले तेव्हा चाकोच्या काटेरी रानात मी इसाबेलिनो नावाच्या शिपायाच्या खांद्यावर होते. तिथे एकदा तुकडीचे पाणी संपले. संगीन कुठेतरी हरवली होती. इसाबेलिनोने माझेच तोंड जमिनीत खुपसले आणि खणून खणून पाण्याने भरलेला कंद काढला. तो पिळून त्याने सोबत्यांना जगवले. तेवढ्यात शत्रू आला. मला साफ करायला उसंत कुठली? नळीत माती असतानाच त्याने चाप ओढला, आणि माझे तोंड फुगून चिरले.

"बंदूक आहे का कुदळ, गाढवा?" म्हणत सार्जंटने त्याच्या कानाखाली वाजवली.

युद्ध संपल्यावर लष्कराने मला मोडीत काढले. इसाबेलिनोने मला भंगारातून उचलून घरी आणले. त्याची लेक सिंडुल्फा माझ्या चिरेत बोट घालून त्याला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावायची. पुढे बाप गेला, तीही म्हातारी झाली, तिचे डोळे गेले. तरी रोज सकाळी ती माझी चीर चाचपायची आणि मगच कसाव्याचे कंद उकडायला ठेवायची. बापाची तेवढीच खूण तिच्याजवळ उरली होती.

मला गंज चढला, दस्त्याला वाळवी लागली. तेव्हा तिचा मुलगा देर्लिस आम्हा दोघींना विल्फ्रीदो मिस्त्रीकडे घेऊन गेला.

"गंज तेवढा काढ, बाबा," सिंडुल्फा म्हणाली. "तोंडाला हात लावू नकोस."

तिला बाहेर बाकावर बसवून देर्लिस परत आत आला. "आईचं काय मनावर घेता, मिस्त्री! तिला दिसतंय थोडंच? नवीकोरी करून टाका."

"फाटक्या तोंडाचा माल माझ्या दुकानातून बाहेर पडतच नाही," मिस्त्री म्हणाला. हात कसबी होता त्याचा. त्याने माझी नळी चार बोटे कापली, कड गुळगुळीत केली, दस्त्याला पॉलिश चढवले. मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

घरी सिंडुल्फाचे बोट माझ्या तोंडाभोवती फिरले. पुन्हा फिरले.

"ही कुणाची उचलून आणलीस?"

"आजोबांचीच गं आई. बघ तरी कशी झळकतेय!"

"बघू कशाने, मेल्या? ही माझ्या बापाची नव्हे. ज्याची असेल त्याला देऊन ये."

देर्लिस हसला आणि त्याने मला खुंटीवर टांगले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, असे तुम्हाला सगळे सांगतात. मी एवढेच सांगते की वस्तू ज्याची आहे, त्याचे आधी ऐका. माझे खरे तोंड मिस्त्रीच्या भंगारात पडले आहे. सिंडुल्फा अजूनही रोज सकाळी माझ्या जवळून जाते, पण हात वर करत नाही.