दोन खाचांची रॅम

सोमवारी सकाळी प्रबुद्धचा कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. प्रबुद्ध जन्मापासून अंध. दिंडोशीतल्या घरी बसून तो ब्रेल पुस्तकं छापायचा, वीसेक वर्षं ह्याच मशीनवर. बी.ए.ला असलेल्या अंध दीप्तीचं इतिहासाचं पुस्तक अर्धं छापून झालं होतं. परीक्षा नऊ दिवसांवर. तिला ऐकूही कमी यायचं, त्यामुळे रेकॉर्डिंगचा उपयोग नव्हता. दुसऱ्या छापखान्यात महिन्याची रांग होती.

अंधेरीच्या दुरुस्तीवाल्याने मशीन उघडून पाहिलं. "प्रोसेसर ठीक आहे काका, मदरबोर्ड गेलाय, रॅमपण. नवीन घेऊन टाका ना."

"नाही चालणार. ब्रेलचं सॉफ्टवेअर ह्याच प्रोसेसरच्या नंबरवर चालतं. ज्याने बनवलं, तो आता हयात नाही."

"मग हा प्रोसेसर बसेल असा जुना बोर्ड शोधा. रॅमसुद्धा तेव्हाचीच लागेल."

बायको प्रेमाला घेऊन प्रबुद्ध तीन दिवस फिरला. मुलुंडला एक बोर्ड मिळाला, पण प्रोसेसर त्यात बसेना. बोरिवलीचा दुकानदार म्हणाला, "गेल्याच आठवड्यात सगळं भंगारात दिलं हो."

गुरुवारी घाटकोपरला राजाराम भंगारवाल्याच्या गोदामात हवा तो बोर्ड सापडला. प्रेमाने नंबर दोनदा वाचून खात्री केली. राजारामने रॅमच्या चार पट्ट्या प्रबुद्धच्या हातात ठेवल्या. त्याने कडेवरून अंगठा फिरवला.

"ह्यांना एकच खाच आहे. ह्या नंतरच्या. आपल्याला दोन खाचांची हवी."

मग तो जमिनीवर बसून राजारामने पुढे केलेल्या टोपलीतली एकेक पट्टी चाचपत राहिला. अर्ध्या तासाने अंगठ्याला दोन खाचा लागल्या.

राजारामने सगळं जोडून बटण दाबलं. पंखा फिरला.

"स्क्रीनवर अक्षरं आली रे!" प्रेमाने नवऱ्याचा दंड धरला.

पण प्रबुद्धला वास आला होता. "बंद करा! जळतंय काहीतरी!"

राजारामने प्लग खेचला. प्रोसेसर बाहेर काढला. प्रेमाने वाकून पाहिलं.

"प्रेमा, काय दिसतंय? बोल ना."

"काळा पडलाय."

"इतकी वर्षं पडून होता हो बोर्ड," राजाराम म्हणाला. "मला तरी कसं कळणार?"

प्रबुद्धने हात पुढे केला. त्याने प्रोसेसर रुमालात गुंडाळला, कशासाठी ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर त्याने दीप्तीच्या आईला फोन केला.

"सर, तिला काय सांगू?"

"सांगा, मी हाताने टोचून देतो. होईल तेवढं."

प्रेमा वाचायची, तो जाड कागदावर टोच्याने एकेक ठिपका उठवायचा. दिवसाला जेमतेम बारा पानं होत. शनिवारी बोट सुजलं. रविवारी प्रेमाचा घसा बसला. ती कुजबुजत वाचत राहिली, आणि ऐकू न आलेला शब्द तो तिला पुन्हा विचारत राहिला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दीप्तीची आई पानं न्यायला आली. तिने गठ्ठा हातात घेऊन पाहिला.

"एवढंच, सर?"

"दोन प्रकरणं राहिली," प्रबुद्ध म्हणाला. "नाही झाली माझ्याकडून."

दीप्तीच्या आईने गठ्ठ्याच्या कडा जुळवल्या. प्रेमाने तिला पिशवी दिली आणि ती निघाली.