त्या शनिवारी मी लाइन तोडली नाही

मी एक जुना मोडेम आहे, मित्रांनो. तुमच्यातल्या निम्म्यांनी माझी जात पाहिलीही नसेल. टेलिफोनच्या तारेतून कॉम्प्युटरपर्यंत इंटरनेट आणायचं, हे माझं काम. सुरू होताना मी असा काही किंचाळायचो की नवखं गिऱ्हाईक दचकून खुर्ची मागे सरकवायचं. पोरं हसायची. हसेनात का! काम तर होत होतं.

माझा जन्म कुठल्या तरी परदेशी कारखान्यात झाला, पण तिथलं मला काही आठवत नाही. आठवतं ते इंदूरचं दुकान, आणि तिथून मला मांडीवर घेऊन बसने देवासला आणणारे जगदेवराव. देवासच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात त्यांची हयात गेली होती. नोकरी सुटल्यावर, २००१ साली, त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत इंटरनेटचं दुकान काढलं. कॉम्प्युटर एकच, फोन एकच आणि मोडेम म्हणजे मीही एकटाच. त्यांची सून ऋजुता कॉम्प्युटर शिकलेली होती. ती गिऱ्हाइकांना मदत करायची.

आता दर ठरवायचे, तर दुसरा कोणी चार दुकानांत चौकशी करून आला असता. जगदेवरावांनी सगळा कारखानाच घरी आणला, तिथल्या कामगारांचे वर्ग गिऱ्हाइकांना लावले. महिन्याचं कार्ड काढील तो 'परमनंट'. त्याला दर निम्मा, आणि तो बसला की त्याला कोणी उठवायचं नाही. मे-जूनमध्ये रिझल्ट बघायला येणारी पोरं 'सीझनल', त्यांना दर दुप्पट. आणि कधीतरी उगवणारा तो 'कॅज्युअल'. तो दहा मिनिटं बसला तरी पैसे तासाचे, आणि नंबर सगळ्यांच्या मागून.

"मामंजी, दहा मिनिटं बसलं तर दहा मिनिटांचेच घ्या की," ऋजुता म्हणायची.

"अगं, कॅज्युअलच्या भरवशावर दुकान चालतं का? फोनचं बिल परमनंटच्या जिवावर निघतं."

ते खोटं नव्हतं, बरं का. आणि माझं म्हणाल तर मी नुसता फुशारलेला. रिझल्टच्या दिवशी खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. माझे दिवे लुकलुकले की सगळे श्वास रोखून बघायचे. दुप्पट पैसे काढताना कोणाचं तोंड कसं व्हायचं, ते मी कधी बघितलं नाही. बघावंसं मनातही आलं नाही.

जानकीबाई कॅज्युअल होत्या. सतवासच्या शाळेत शिकवायच्या. मुलगा मयुरेश जहाजावर नोकरीला. महिना-दीड महिन्यातून एकदा त्या बस पकडून देवासला यायच्या, कॉम्प्युटरची सवय नसल्याने ऋजुताकडून त्याचं ई-मेलवरचं पत्र वाचून घ्यायच्या, दोन ओळींचं उत्तर सांगायच्या, पुऱ्या तासाचे पैसे द्यायच्या आणि निघायच्या. कधी चकार शब्द काढला नाही.

२००२च्या जूनमधला एक शनिवार. बाई साडेतीनलाच हजर! आल्या आल्या त्यांनी सांगितलं, मयुरेश बंदरावर आहे, चार वाजता तिथल्या कॉम्प्युटरवर बसणार आहे. तो तिकडून लिहील, इकडून त्या उत्तर देतील, अशा दोघांच्या गप्पा होणार होत्या. संध्याकाळी त्याचं जहाज सुटणार, मग नऊ महिने नुसती पत्रंच. नवी साडी नेसून आल्या होत्या हो त्या. कोणाला दिसणार नव्हती, तरी.

खुर्चीवर पियूष होता. कार्डवाला. इंटरनेटवर पत्ते खेळत होता.

"पियूष, चार वाजता काकूंना बसू दे रे. मुलाशी बोलायचंय त्यांना," ऋजुता म्हणाली.

"बस पाँच मिनट, दीदी." मान काही त्याने वळवली नाही.

पाचाची वीस झाली. ऋजुताने सासऱ्यांकडे बघितलं. पियूषनेही बघितलं. "काका, अपना तो महीने का कार्ड है ना?"

जगदेवराव जरा घुटमळले. मग म्हणाले, "बस तू. बाई, नियम सगळ्यांना सारखा. येईल तुमचाही नंबर."

"असू दे हो. बसते मी," बाई म्हणाल्या, आणि पिशवी मांडीवर घेऊन भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या.

आता माझं ऐका. एरवी दिवसातून दहा वेळा लाइन तोडणारा मी! त्या घटकेला एकदा जरी तोडली असती, तर पियूष वैतागून उठला असता. पण नाही. त्या दिवशी मी गुणी बाळासारखा लाइन धरून बसलो. "आज बघ कसा पळतोय!" म्हणत जगदेवरावांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि मला बरं वाटलं. मित्रांनो, सगळ्यांत जास्त लाज मला ह्याचीच वाटते. समोर ती माउली ताटकळत होती, आणि मला शाबासकी गोड लागत होती.

पाचला दहा कमी असताना पियूष उठला. ऋजुताने घाईघाईने बाईंचं नाव-गाव टाकून त्यांचं खातं उघडलं. मयुरेशचे निरोप तिथे येऊन पडले होते. मीच ते एका दमात आणून दिले. ऋजुता वाचत गेली.

"आई, आलीस का?"

"आई, बस चुकली का?"

"आई, बरी आहेस ना? मला काळजी वाटतेय."

"हाका मारतायत. निघतो."

बाईंनी विचारलं, "आता लिहिलं तर वाचेल का तो?"

"पुढच्या बंदराला लागल्यावर वाचेल, काकू."

"मग लिही. म्हणावं, आई बरी आहे. साडेतीनलाच आली होती."

त्यांनी तासाचे पैसे टेबलावर ठेवले. जगदेवराव उठूनच उभे राहिले. "राहू द्या, बाई. मला लाजवू नका."

"असं कसं? नियम आहे ना," बाई म्हणाल्या. टोमणा नव्हता तो. तो असता तर बरं झालं असतं.

त्या गेल्यावर जगदेवराव सुनेला म्हणाले, "सहा वर्षं मी कॅज्युअल होतो गं. रोज सकाळी डबा घेऊन गेटाबाहेर उभा राहायचो, आज तरी आत घेतील म्हणून. परमनंट झालो आणि पार विसरलो बघ."

दुसऱ्या दिवसापासून बसाल तेवढ्या मिनिटांचे पैसे, कार्ड असो वा नसो, रिझल्ट असो वा नसो. दोन कार्डवाले रुसून गेले. जगदेवरावांनी जाऊ दिले. सतवासला पत्रही टाकलं. पण जानकीबाई पुन्हा आल्या नाहीत.

मग ब्रॉडबँड आलं आणि मी माळ्यावर गेलो. धूळ बसते, झुरळं फिरतात. त्याची तक्रार नाही. मला खाली काढा, पुसा, असंही मी म्हणत नाही. मागणं एवढंच, मित्रांनो, की तुमच्याकडे कधीतरीच येणारं माणूस आलं, तर त्याची जरा काळजी घ्या. रोजचा माणूस रुसला तरी उद्या येतो. कधीतरी येणारा एकच काम घेऊन लांबून आलेला असतो. त्याला घाई आहे का, एवढं विचारा.

आम्हाला तर तेही विचारावं लागलं नव्हतं. बाईंनी आल्या आल्या सांगितलं होतं.