वरचा बाण

आमच्या ध्वनिमुद्रण स्टुडिओतल्या साहेबांना आम्ही पाठीमागे 'बाण' म्हणायचो. कीबोर्डवर त्यांचा जीव एकाच बटणावर. वरचा बाण दाबायचा, आधी कधीतरी दिलेली कमांड परत आणायची, त्यातला एखादा शब्द बदलायचा आणि एंटर. शब्द बदलायचं राहिलं तरी एंटर मात्र चुकायचं नाही.

'कच्चे' नावाचं फोल्डर रिकामं करायची जुनी कमांड त्यांनी अशीच परत आणली. 'कच्चे'च्या जागी 'चाचणी' लिहायचं होतं, ते विसरले. 'कच्चे'मध्ये माझं महिनाभराचं काम होतं, तेही एका गायिकेचं. ती आता देशातच नाही. त्या मशीनवर आम्ही सगळे एकाच लॉगिनने काम करायचो, कुणी काय पुसलं ते कळायला मार्ग नव्हता, त्यामुळे बाणाने सरळ माझं नाव घेतलं आणि मालकीणबाईंनी मला शुक्रवार हा शेवटचा दिवस सांगितला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रडले नाही. त्याची जिरवायचीच, एवढं ठरवलं.

शुक्रवारी त्याच मशीनच्या खोलीत सगळ्यांची बैठक होती. त्याआधी मी मशीनवर एकच ओळ चालवली आणि बाहेर पडले. आता कुणीही वरचा बाण दाबला की आधी तीच ओळ येणार होती.

बैठकीत मालकीणबाईंनी विचारलं, "तुला काही बोलायचंय का?"

"एवढंच, की साहेब न वाचता एंटर दाबतात."

बाण हसले. "अगं, माझी हयात गेली या धंद्यात. वाचल्याशिवाय माझं बोट हलत नाही."

"मग काढून दाखवा ना सकाळच्या रेकॉर्डिंगची प्रत. रोजचीच तर कमांड आहे."

त्यांनी मालकीणबाईंकडे बघतच वरचा बाण दाबला आणि लगेच एंटर. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर अक्षरं उमटली: 'मी न वाचता एंटर दाबतो.' त्याच्या वरच्या ओळीत, त्यांनी परत आणलेल्या कमांडमध्येही, हेच वाक्य होतं. वाचलं असतं तर दिसलं असतं.

कुणीतरी फिसकन हसलं. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू!

"हिने मुद्दाम केलंय हे," बाण म्हणाले.

"हो, मुद्दामच," मी म्हणाले.

मालकीणबाईंनी पडद्यावरच्या दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या. मग मला म्हणाल्या, "सोमवारी ये कामावर."

"येते. पण माझं काम कुणी पुसलं, ते आधी यांनी सांगावं."

बाणाने खाली मान घातली. "मी," ते पुटपुटले.

"मोठ्याने," मी म्हणाले.