कोंडाजी पेंटरचा पत्रा

मी मोर्चातला फलक बोलतोय. फलक हा आपला मानाचा शब्द. जन्माने मी गोडेतेलाचा डबा. पत्र्याचा आवाज जरा चढाच असायचा, सांभाळून घ्या. पण ऐका. माझ्या एका कडेला माणसाचं रक्त लागलंय, आणि ते माझ्याच मालकाचं आहे.

मालक म्हणजे कोंडाजी पेंटर. नाशिक रोडला रेल्वे लाइनीपलीकडच्या वस्तीत तो आणि त्याची बायको शकुबाई राहायचे. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. वस्तीतल्या बुद्धविहारावरचं नावही त्याच्याच हातचं. बहात्तर साल संपत आलं होतं. अमेरिकेची विमानं व्हिएतनामवर बॉम्ब ओतत होती. पेपरात एका इस्पितळाचा फोटो आला, छप्पर उडालेलं आणि विटांतून माणसांचे पाय बाहेर आलेले. कोंडाजी तो फोटो बघून जेवला नाही.

तेवढ्यात त्याचा जिवलग मित्र वाल्मीक धावत आला. लाल बावट्याच्या युनियनचा पुढारी तो. "कोंडाजी, तासाभरात मोर्चा निघतोय. फलक पायजे!"

कोंडाजीने मला चराचरा कापलं, ठोकून सपाट केलं. पत्र्याची कड उघडी राहिली तर सुरीसारखी कापते, म्हणून पेंटर लोक चारी कडा आत दुमडतात. त्याने तीन दुमडल्या. चौथीला वेळच नव्हता. "आल्यावर बघू," म्हणाला. दांडा चिरून त्यात मला बसवलं आणि माझ्यावर लाल ओळ चढवली : 'अमेरिका, व्हिएतनाममधून चालती हो!'

काय मिरवलो मी त्या दिवशी! वाल्मीक आणि कोंडाजी, दोघांचे हात एकाच दांड्यावर होते. मग सात वर्षं खाटेमागे धूळ खात पडलो. चौथी कड तशीच राहिली.

ऐंशीच्या जानेवारीत कोंडाजीने मला बाहेर ओढलं. रशियाचे रणगाडे अफगाणिस्तानात घुसले होते. तिथे आधीपासून लाल झेंड्याचंच सरकार होतं. गरिबांचं म्हणवणारं ते राज्य गरिबांनाच तुरुंगात कोंबून गोळ्या घालत होतं. गावं उलटली, तेव्हा मदत म्हणून रणगाडे आले. कोंडाजीने हिशोब सोपा केला. मला उलटं केलं आणि पाठीवर लिहिलं : 'रशिया, अफगाणिस्तानातून चालता हो!' नावं तेवढी बदलली. बिचाऱ्याला वाटलं, युनियन आता या ओळीचाही मोर्चा काढणार.

मला खांद्यावर टाकून तो थेट युनियनच्या सभेत शिरला. वाल्मीक बोलत होता, रशिया मदतीला गेलाय म्हणून.

"वाल्मीक, मोर्चा कधी काढायचा?" कोंडाजीने विचारलं.

वाल्मीक दात खाऊन म्हणाला, "तो पत्रा खाली ठेव. अमेरिकेच्या बंदुका चालल्यात तिथं, ते दिसत नाय तुला?"

"दिसतंय की! त्यांच्याही नावाने बोंब मारू. पण मदतीचा बॉम्ब पडला म्हणजे माणूस कमी मरतो काय रे? अमेरिका तरी व्हिएतनामात दुसरं काय सांगत होती?"

"दलाल! हाणा त्याला!" मागून कुणीतरी ओरडलं. खुर्च्या उलटल्या. बुक्क्या पडल्या, लाथा पडल्या, कोंडाजीचं नाक फुटलं. वाल्मीकने दांडा हिसकला आणि मला उचलून त्याच्यावर घातलं. डोकं वाचवायला कोंडाजीने उजवा हात वर केला. माझी ती चौथी कड त्याच्या तळहातात हाडापर्यंत गेली.

अहो, मी काय करणार होतो? खणखणलो नुसता! गरम रक्त माझ्या पाठीवरून वाहिलं आणि ओल्या अक्षरांत मिसळलं. त्या हाताच्या शिरा तुटल्या. त्या बोटांनी पुन्हा ब्रश धरला नाही.

शकुबाई इस्पितळातून तशीच युनियनच्या कचेरीत गेली. "भाऊजी," ती म्हणाली, "माझ्या घरचं जेवलात तुम्ही. हात तोडायचाच होता तर आधी त्यानं खोटं काय लिहिलं ते तरी सांगायचं."

कोंडाजी डाव्या हाताने लिहायला शिकला. अक्षरं वेडीवाकडी यायची. पोलंडमध्ये कामगारांच्याच राज्याने कामगारांवर गोळ्या झाडल्या, ते पेपरात वाचून तो दिवसभर माझ्याकडे बघत बसला होता.

त्र्याऐंशीला अमेरिकेने ग्रेनेडा नावाच्या एवढ्याशा बेटावर फौज उतरवली. वाल्मीक दारात येऊन उभा. जवळजवळ चार वर्षांनी! "कोंडाजी, फलक पायजे होता."

कोंडाजीने व्हिएतनामची जुनी ओळ खरवडली, डाव्या हाताने नवी लिहिली : 'अमेरिका, ग्रेनेडातून चालती हो!' मग हातोडी घेऊन चौथी कड दुमडली.

"मागची ओळ पुसून टाक," वाल्मीक म्हणाला.

"रशिया निघाला का तिथनं?"

"नाय."

"मग राहू दे."

मोर्चात त्याने मला स्वतःच धरलं. समोरच्या पोलिसांना अमेरिका दिसत होती, मागून येणाऱ्या आपल्याच माणसांना रशिया. चौकात दगड उडाले, लाठीमार सुरू झाला. समोरून एक लाठी कोंडाजीच्या खांद्यावर बसली. त्याच घटकेला मागून झेंड्याची काठी आली आणि थेट त्याच्या कवटीवर उतरली. नारळ फुटावा तसा आवाज झाला. तो माझ्यावरच कोसळला. वाल्मीक हाताच्या अंतरावर होता. त्याने सगळं पाहिलं.

तिसऱ्या दिवशी कोंडाजी गेला. शोकसभेत वाल्मीक रडला, खरंच रडला, आणि म्हणाला, "पोलिसांच्या लाठीने आमचा साथी मारला." मग त्याने मला हार घालून कचेरीत खिळ्याला टांगलं. अमेरिका लोकांकडे आणि रशिया भिंतीकडे.

आज अठ्ठ्याऐंशी साल आहे. रशियाची फौज परत निघाली म्हणे. परवा ती बातमी ऐकून शकुबाई आली, हार काढला आणि मला फिरवून परत टांगून गेली. "आता तरी राहू द्या," एवढंच म्हणाली. ती जिना उतरेपर्यंत वाल्मीक थांबला. मग उठला आणि मला पुन्हा फिरवलं.

तुम्ही कधी या कचेरीत आलात तर मला एकदा फिरवा हो. कोंडाजीची अर्धीच गोष्ट भिंतीवर लावलीय यांनी. भिऊ नका, चौथी कड त्याने स्वतःच दुमडून ठेवलीय. हात कापणार नाही.