उसना मेंदू

संग्रामला घर आवरायची हुक्की आली की त्याच्या बायकोला, कांचनला, धास्तीच वाटायची. हवाई दलात माणसाला शिस्त लावतात हे चांगलंच, पण ती शिस्त रविवारी सकाळी घरभर फिरायला लागली की कशाचं काय होईल याचा नेम नसतो. त्या रविवारीही तसंच झालं. कांचन आतल्या खोलीत जुन्या कॉम्प्युटरचं पोट उघडून नवा प्रोसेसर बसवत होती आणि खाली, चंदीगडच्या सेक्टर सत्तेचाळीसच्या गल्लीत, कबाडीवाल्याने हाक दिली. संग्रामने दिसतील ते रिकामे खोके उचलले आणि देऊन टाकले. त्यातल्याच एका खोक्यात कांचनने जुना प्रोसेसर जपून ठेवला होता.

इकडे नव्यावर पंखा घट्ट बसवून तिने बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा मात्र काळाच. मोबाइलवर शोधाशोध केल्यावर खरा घोटाळा उमगला. मशीनचा मदरबोर्ड जुना होता, त्याला या नव्या पाहुण्याची ओळखच नव्हती. ओळख करून द्यायची तर बोर्डाच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर बदलायला हवं, आणि ते बदलण्यासाठी आधी जुनाच प्रोसेसर लावून मशीन सुरू करायला हवं.

"संग्राम, इथला खोका कुठाय?"

संग्रामचा चेहरा पडला. स्कूटर काढून तो कबाडीवाल्याच्या मागे गेला आणि हात हलवत परत आला. "अगं, रिकामाच वाटला गं," एवढंच म्हणाला. कांचनने हातातला पेचकस टेबलावर आपटला.

चूक तशी लहानच, पण वेळ वाईट होती. शहराबाहेर मुल्लानपूरकडे उभ्या राहणाऱ्या नव्या वसाहतींचं काम करणाऱ्या एका आर्किटेक्टने तिच्याकडून एका घराचं थ्रीडी चित्र मागितलं होतं, सोमवारी सकाळपर्यंत. आवडलं तर घरून करायचं कायमचं काम. कोल्हापुरात डिप्लोमा करून बाहेर पडल्यापासून ती संग्रामच्या बदल्यांमागे फिरत होती. जोरहाट, भूज, आता चंदीगड. कुठे जरा बस्तान बसलं की सामान बांधायची वेळ यायची. बदली झाली तरी सोबत नेता येईल असं काम पहिल्यांदाच चालून आलं होतं. आणि तिचा स्वस्तातला कॉम्प्युटर ते चित्र काढता काढता दरवेळी मान टाकायचा, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

तेवढ्यात तिला बीजी आठवल्या. बीजी म्हणजे खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण, मनजीत कौर. कांचनचं मशीन बघून त्यांनी हट्टाने अगदी तसंच स्वतःसाठी मागवलं होतं. बोर्ड तोच, प्रोसेसर तोच. पण वाटीभर विरजण मागणं वेगळं आणि चालत्या मशीनचा प्रोसेसर मागणं वेगळं. लाजेने ती अर्धमेली होऊन खाली गेली.

"प्रोसेसर? वो क्या होता है?" बीजींनी विचारलं.

"कम्प्यूटर का दिमाग समझ लो, बीजी. बस एक घंटे के लिए चाहिए. पर झूठ नहीं बोलूँगी, निकालते वक्त खराब भी हो सकता है."

बीजींनी कोपऱ्यातल्या मशीनकडे पाहिलं. "तेरी नौकरी इसी पे है?"

"हां जी."

"थोड़ी देर बाद आ जा, पुत्तर."

थोड्या वेळाने कांचन गेली तेव्हा मशीन बंद करून त्या बाजूला बसल्या होत्या. "ले जा," म्हणाल्या. कांचन घाईत होती. तिने पंखा हळूच फिरवत सोडवला, प्रोसेसर डबीत ठेवला आणि निघाली. संग्राम पुढे जिना मोकळा करत चालला, जणू मागून एअर मार्शलच येत होते.

वर तो प्रोसेसर बसवताच पडदा उजळला. सॉफ्टवेअर बदलताना वीज गेली असती तर बोर्डच कामातून गेला असता. म्हणून संग्राम मीटरपाशी जाऊन उभा राहिला. तिथे उभं राहून तो काय करणार होता ते त्यालाच ठाऊक! पण वीज गेली नाही. मग नवा प्रोसेसर बसवला, आणि या खेपेला बोर्डाने त्याला मुकाट्याने ओळखलं. कांचनने आनंदाने संग्रामच्या पाठीत एक धपाटा घातला. सकाळपासूनचा राग त्यातच फिटला. (चित्र सोमवारी वेळेत गेलं आणि काम मिळालं, हेही इथेच सांगून टाकलेलं बरं.)

पण आधी उसनं आणलेलं परत करायला हवं होतं. तिने खाली जाऊन बीजींचा प्रोसेसर नीट बसवला आणि मशीन सुरू केलं. बीजींनी चष्मा लावला, एक फोल्डर उघडलं. पगडीतल्या एका हसऱ्या सरदारजींचा, बीजींच्या दिवंगत नवऱ्याचा, फोटो पडद्यावर आला. मग दुसरा. मग लग्नातला.

"सारे हैं!" बीजी म्हणाल्या. "तूने कहा था ना, दिमाग है. मैंने सोचा, दिमाग निकलेगा तो याद कहाँ रहेगी."

फोटो डिस्कवर असतात, प्रोसेसरमध्ये नाही, हे सांगायचं कांचनला सुचलंच नव्हतं. "बीजी, आपको लगा सब मिट जाएगा? फिर भी दे दिया?"

"बैठ के एक-एक देख लिया था, पुत्तर. फिर तुझे दिया."

इतकं कांचनला आजवर कुणी दिलं नव्हतं, आणि याचे आभार कोणत्या भाषेत मानायचे ते तिला कळेना. तिने खाली वाकून बीजींचे पाय धरले. मग डोळे पुसत शेजारची खुर्ची ओढली. "अब मुझे भी दिखाओ, बीजी. सारे."

वर तिचं काम खोळंबलं होतं. खोळंबू दे, असं तिला मनापासून वाटलं.