तिसरा गडी

व्हॅनचं दार उघडलं आणि ओरेस्ट माक्सिमिवचा पाय पायरीवरच थबकला. स्टिअरिंगवर वेंडेल बसला होता. त्याचा मेहुणा, बायकोचा, लॉर्नाचा सख्खा भाऊ. अंगात स्वयंसेवकांचं पिवळं जाकीट.

“चढ ना रे. हीटर चालू आहे.”

“तू? इथे?”

“राष्ट्रीय स्पर्धेला ड्रायव्हर हवे होते. शाळेची बस चालवतो म्हटल्यावर लगेच घेतलं. तुमची टीम वाट्याला आली. मी काही मागून घेतली नाही हां.”

ओरेस्ट पुढे बसला. मागे तिघं पोरं बॅगा आदळत चढली.

वीस वर्षं हे दोघं गावाकडून कर्लिंग खेळले, बर्फावरून जड दगड घसरवत वर्तुळात थांबवायचा चौघांचा खेळ. ओरेस्ट कर्णधार, वेंडेल तिसरा गडी. शेवटचे दगड ओरेस्ट सोडायचा, तेव्हा पलीकडे वर्तुळात झाडू टेकवून निशाणा दाखवायचा तो वेंडेल. दर हिवाळ्यात सस्कॅचवान प्रांताच्या स्पर्धेत हरायचे आणि परतताना गाडीत पोट धरून हसायचे. मग गेल्या उन्हाळ्यात रेजायना शहरातल्या तीन पोरांना अनुभवी कर्णधार हवा झाला. घरं तापवायच्या भट्ट्या दुरुस्त करण्यात पन्नाशी उलटलेल्या ओरेस्टला राष्ट्रीय स्पर्धा गाठायची ही शेवटची संधी होती. तो हो म्हणाला. वेंडेलला सांगायची मात्र छाती झाली नाही. ते त्यानं लॉर्नाला सांगायला लावलं. “काय म्हणाला तो?” असं नंतर विचारलं, तर ती नुसती भांडी विसळत राहिली.

“काका, तुम्ही पण खेळता का?” मागून कीगननं विचारलं. वेंडेलच्या जागी आता तो खेळायचा.

“खेळायचो. गावात.”

“कुठल्या नंबरवर?”

वेंडेलनं आरशातून मागे पाहिलं. “ठेवतील तिथे.”

पोरं हसली. ओरेस्ट काचेवरची वाफ पुसत राहिला. एक वाक्य पुरलं असतं, हा माझा तिसरा गडी. ते ओठांवर आलंही. पण मग पोरं विचारणार, मग यांना का सोडलंत? त्यानं हीटर कमी केला. कान तापले होते.

आठवडाभर वेंडेलच त्यांना नेत-आणत होता. शुक्रवारी शेजारच्या मॅनिटोबा प्रांताच्या संघाशी सामना पडला. हरलं की घरी. शेवटचा दगड ओरेस्टचा, आणि तो हातातून हलका सुटला. “झाडा! झाडा रे!” दगड पुढे सरकावा म्हणून पोरांनी झाडूंनी जीव तोडून बर्फ घासला, तरी तो वर्तुळाच्या तोंडाशीच थांबला आणि सामना गेला. प्रेक्षकांत एक पिवळं जाकीट उभं राहून सस्कॅचवानच्या नावानं टाळ्या वाजवत होतं. ओरेस्टला मान वर करवेना.

परतताना व्हॅनमध्ये पोरांनी कानात इअरफोन घातले होते. अर्ध्या वाटेत ओरेस्ट मागे वळला.

“पोरांनो, हा वेंडेल. वीस वर्षं माझा तिसरा गडी होता. मी सोडलं त्याला. तोंडावर सांगितलंसुद्धा नाही.”

कीगननं कानातला इअरफोन काढला. “काय म्हणालात?”

ओरेस्टचा हात स्वतःच्या सीटच्या पट्ट्याकडे गेला.

“पट्टा लाव म्हणतोय,” वेंडेल रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाला.

हॉटेलसमोर बर्फ काचेसारखा गुळगुळीत झाला होता. वेंडेल दुखरा गुडघा सांभाळत उतरला. ओरेस्टनं वळसा घालून जाऊन हात पुढे केला. वेंडेलनं तो धरला, व्हॅनच्या मागच्या दारापर्यंत चालला, मग सोडला आणि बॅगा उतरवू लागला.